न दिसणारा माणूस : ‘बॅम्बी’, न्यग्रोधमृग आणि गिंडीचे वन

चेन्नईच्या दक्षिण भागात गिंडी येथे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर. एका अंगाला राज्यपालांचे निवासस्थान, दुसऱ्या अंगाला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार, भोवती महानगराची अखंड वर्दळ, आणि मधोमध काटेरी झुडपांचे व शुष्क सदाहरित वृक्षांचे वन. त्यात चितळ आणि काळवीट यांचे कळप हिंडतात. वनाला लागून बालोद्यान आहे. तेथे जाळीपलीकडे एखादे चितळ येऊन उभे राहिले की मुलांच्या कलकलाटातून, मग तो तमिळमध्ये चाललेला असो की हिंदीत, ‘बॅम्बी’ हे नाव निघते. काळविटाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. याचे कारण ठिपक्यांत आहे. डिस्नेच्या चित्रपटातला बॅम्बी हे अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे पाडस आहे आणि त्या जातीत अंगावरचे ठिपके बाळपणाबरोबर जातात. चितळाचे ठिपके आयुष्यभर टिकतात. म्हणून चित्रपट पाहिलेल्या मुलाला पूर्ण वाढलेले, चांगले शिंगाळे चितळही पाडसच वाटते. या निरागस चुकीत ‘बॅम्बी’च्या दीर्घायुषी आकर्षणाचे निम्मे मर्म सामावले आहे, आणि त्या आकर्षणाविषयीची शंकाही.

हा चित्रपट ऑगस्ट १९४२ मध्ये प्रदर्शित झाला. लांबी सुमारे सत्तर मिनिटे, संवाद जेमतेम हजार शब्दांच्या आतले. युद्धामुळे युरोपातली बाजारपेठ बंद झालेली असल्याने पहिल्या खेपेस त्याने निर्मात्याला तोटाच दिला. पुढे १९४७, १९५७, १९६६, १९७५, १९८२ आणि १९८८ असा तो पुन्हा पुन्हा पडद्यावर आला, प्रत्येक वेळी नव्या पिढीने तो पाहिला, आणि २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत त्याचा समावेश झाला. आठ दशके टिकलेल्या कलाकृतीला ‘मुलांचे करमणुकीचे चित्र’ म्हणून बाजूला सारणे साहित्याच्या अभ्यासकाला शोभत नाही. पण त्याविषयी लिहिताना जी दोन कारणे नेहमी पुढे केली जातात, मुक्या प्राण्यांविषयीची कोवळीक आणि चित्रांचे सौंदर्य, ती दोन्ही अपुरी आहेत.

कोवळीक तर डिस्नेच्या इतर चित्रपटांतही विपुल आहे. पुष्कळदा ती नकोशी होण्याइतकी. चित्रांचे म्हणाल तर तेथे थोडे थांबावे लागेल. या चित्रपटातील रानाची पार्श्वभूमी ज्याच्या दृष्टीतून घडली तो टायरस वाँग (१९१०–२०१६) चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मला आणि लहानपणी अमेरिकेत आला. सुंग काळातील निसर्गचित्रांचा संस्कार त्याच्या हातावर होता. पान न् पान रेखाटण्याची स्टुडिओतली रीत सोडून त्याने धुक्यात विरघळणारी झाडे, प्रकाशाचा एक पट्टा आणि पुष्कळशी रिकामी जागा एवढ्यावर रान उभे केले. प्राणी स्पष्ट, रान संदिग्ध. त्याच्या हयातीत या श्रेयाची पुरेशी नोंद फार उशिरा झाली. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन रान समजतो त्याची कथा व्हिएन्नाची आहे आणि कुंचला चिनी. तौलनिक साहित्याच्या वर्गात हा चित्रपट दाखवावा असे म्हणायला एवढे कारणही पुरे झाले असते.

परंतु वाँगने रानात जी रिकामी जागा ठेवली तिच्याहून मोठी रिकामी जागा कथेच्या मध्यभागी आहे. संपूर्ण चित्रपटात माणूस एकदाही दिसत नाही. त्याचे कुत्रे दिसतात, त्याच्या तळावरच्या विस्तवातून भडकलेला वणवा दिसतो, बंदुकीचा आवाज ऐकू येतो. आणि तो जवळ आला की पार्श्वसंगीतात तीन स्वरांची एक संथ, अशुभ ओळ उमटते. त्याची सावलीसुद्धा पडत नाही. आईचा मृत्यूही पडद्यावर होत नाही. आई आणि पाडस बर्फावरून धावत असतात, आवाज होतो, पाडस मागे वळून पाहते, आणि नंतर फक्त पडत राहणारे बर्फ. ज्यांनी हा प्रसंग बाळपणी पाहिला त्यांपैकी पुष्कळांना गोळी लागलेली हरिणी ‘पाहिल्याचे’ आठवते. ती कोणी काढलेलीच नाही. प्रेक्षकाने ती स्वतःच्या मनात काढली आहे. भवभूतीच्या आणि आनंदवर्धनाच्या देशात या गोष्टीचे नवल वाटू नये. व्यंजनेने जे सुचते ते वाच्यार्थापेक्षा अधिक टिकते, हे येथे शंभर पाने लिहून सिद्ध करण्याची गरज नाही.

गंमत अशी की त्या रिकाम्या जागेत स्वतःला ओळखले ते फक्त शिकाऱ्यांनी. १९४२ सालीच अमेरिकेतील एका शिकारविषयक नियतकालिकाच्या संपादकाने या चित्रपटाने शिकाऱ्यांची बदनामी केली म्हणून निषेध नोंदवला होता. इतर सारे प्रेक्षक निर्धास्तपणे हरणाच्या बाजूला जाऊन बसले. माणूस दिसत नसल्यामुळे तो दुसराच कोणी तरी आहे असे मानण्याची सोय झाली. ‘बॅम्बी’चे आकर्षण टिकले ते या सोयीमुळे, असे म्हणणे कठोर वाटेल, पण मूळ कादंबरी शेजारी ठेवली की ते फारसे अतिशयोक्त वाटत नाही.

फेलिक्स झाल्टेनची कादंबरी १९२३ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि १९२८ साली व्हिटेकर चेंबर्सने तिचे इंग्रजी भाषांतर केले. लेखक ज्यू होता, व्हिएन्नाचा पत्रकार होता, आणि स्वतः शिकारीचा शौकीन होता. १९३६ साली नाझी राजवटीने पुस्तकावर बंदी घातली; लेखक पुढे झुरिकमध्ये आश्रयास गेला आणि १९४५ साली तेथेच वारला. या कादंबरीत प्राणी माणसाला नावाने ओळखत नाहीत. ते त्याला नुसते ‘तो’ म्हणतात. आपल्याकडे रानालगतच्या गावांतून वाघाचे नाव घ्यायचे टाळतात, ‘जनावर’ किंवा ‘तो’ म्हणतात. झाल्टेनने ती भीती उलट बाजूने लिहिली. मात्र त्याच्या रानात केवळ माणूसच मारत नाही. कोल्हा मारतो, हिवाळा मारतो. चित्रपटाने हे सगळे पुसले; तेथे घुबडसुद्धा सशाच्या पिलांशी आजोबांसारखे बोलते.

पण खरी मोलाची अशी दोन प्रकरणे चित्रपटाने टाकली. पहिले गोबोचे. गोबो हे अशक्त पाडस बर्फात पडते, माणूस त्याला उचलून नेतो, खाऊपिऊ घालतो, गळ्यात पट्टा बांधतो. मोठा होऊन गोबो रानात परततो तेव्हा तो अभिमानाने सांगतो की ‘तो’ दयाळू आहे. आणि एके दिवशी, ‘तो’ आपल्याला ओळखतो या भरवशावर, कुरणात उघड्यावर जातो आणि गोळीला बळी पडतो. या प्रकरणात मध्य युरोपातील ज्यूंच्या आत्मसातीकरणाची कथा अनेकांनी वाचली आहे, आणि ते वाचन दुर्लक्षिता येण्यासारखे नाही. दुसरे प्रकरण शेवटाकडचे. वृद्ध मृगराज बॅम्बीला एका प्रेताजवळ नेतो. ते एका चोरट्या शिकाऱ्याचे, माणसाच्याच हातून मेलेल्या माणसाचे प्रेत असते. ‘तो’ सर्वशक्तिमान नाही, ‘तो’सुद्धा आपल्यासारखाच पडतो, एवढे बॅम्बीला दाखवायचे असते. म्हणजे झाल्टेनने माणूस दाखवला आहे : एकदा दयाळू, एकदा मेलेला. चित्रपटाने दोन्ही चेहरे काढून घेतले आणि निव्वळ दहशत ठेवली. दहशत लक्षात राहते, हे खरे. परंतु जी दहशत कोणाचीच नाही ती कोणाला काही विचारीतही नाही.

येथवर आले की भारतीय अभ्यासकांच्या एका आवडत्या विधानाशी गाठ पडते : हे सर्व आमच्याकडे आधीच होते. पंचतंत्र होते, जातके होती, शाकुंतलात शकुंतलेच्या पदराला ओढणारे पाडस होते. १८८० साली किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने त्या आश्रमाला मराठी रंगभूमीवर आणले. ‘प्रभात’च्या ‘जंबू काका’ या १९३४ सालच्या व्यंगपटाचा नायकही कोल्हाच होता. विधान चूक नाही. मात्र त्यातून जे ‘म्हणून बॅम्बीत नवे काही नाही’ असे सुचवले जाते ते आळशी वाचन आहे. आपल्याकडे जे होते ते निराळे होते, आणि निराळेपणा कुठे आहे हे पाहण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण हाताशी आहे.

क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या स्टुडिओतला अ‍ॅनिमेशन-चित्रकार. मिशनरी आईबापांच्या पोटी त्याचा जन्म भारतात झाला होता, आणि ‘बॅम्बी’च्या चित्रकारांत त्याने काम केले होते. १९५६ साली अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून तो मुंबईत आला तो फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातील तरुणांना शिकवण्यासाठी. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू म्हणून ओळखले गेलेले राम मोहन (१९३१–२०१९) त्याच्याच हाताखाली शिकले. या विभागातून १९५७ साली जो लघुपट निघाला त्याचे नाव ‘द बॅन्यन डिअर’, आणि कथा न्यग्रोधमृग जातकाची. म्हणजे ज्या हाताने बॅम्बीच्या रानात काम केले त्याच हाताने पंधरा वर्षांनी बोधिसत्त्व-मृगाचे चित्र घडवायला मदत केली. तौलनिक अभ्यासाला याहून नेमका दुवा मागूनही मिळाला नसता. तरीही तो अभ्यासक्रमांत क्वचितच दिसतो.

तो लघुपट विस्मरणात का गेला, याचे उत्तर डिस्नेच्या पैशात शोधण्याची रीत आहे. ते अर्धेच उत्तर आहे. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट त्या काळी देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने त्या संस्थेला हेवा करण्याचे कारण नव्हते. (त्या वेळी प्रेक्षक आपली खुर्ची शोधत असत, ही गोष्ट वेगळी.) दुसरे अर्धे उत्तर कथेतच आहे. न्यग्रोधमृगाच्या कथेत हरिणी मरत नाही.

बनारसच्या राजाला रोज मांस लागे. त्याच्या शिकारीसाठी रोज हाका घालून कंटाळलेल्या प्रजेने राजोद्यानात गवत पेरले, पाणी आणले, दोन कळप आत हाकलले आणि दार लावून घेतले. सुवर्णवर्णाच्या दोन्ही कळपनायकांना राजाने अभय दिले; उरलेल्यांपैकी रोज एकाने पाळीने मरायचे ठरले. एक दिवस पाळी आली ती शाखमृगाच्या कळपातील गाभण हरिणीवर. तिच्या नायकाने पाळी बदलून द्यायला नकार दिला, तेव्हा न्यग्रोधमृगाने तिच्या जागी स्वतःची मान ठेवली. राजा तेथे आला, त्याने विचारले, त्याने ऐकले. आणि मग मृगाने एकेक पायरी चढत अभय मागून घेतले : हरिणीला, उद्यानातल्या सर्व हरणांना, बाहेरच्या हरणांना, चतुष्पादांना, पक्ष्यांना, माशांना.

मराठी घरांना ही घडण परकी नाही. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय (ग्रंथ १७१८ सालचा) ज्यांनी शिवरात्रीला ऐकला आहे त्यांना बेलाच्या झाडावर रात्र काढणारा व्याध आठवेल. गाभण हरिणी त्याच्याशी बोलते, मुदत मागते, शपथ घेते, तो सोडतो, पहाटे सारे कुटुंब परत येते आणि ‘आधी मला मार’ म्हणून एकमेकांशी भांडते. अखेर मृगनक्षत्र आणि व्याधाचा तारा आकाशात शेजारी शेजारी जाऊन बसतात. येथे शिकारी पडद्याबाहेर नाही. तो झाडावर बसलेला आहे, भुकेला आहे, पाने खुडतो आहे, आणि त्याला हरणाची भाषा कळते. शाकुंतलातही राजाचा बाण तपस्व्यांच्या एका शब्दाने भात्यात परत जातो. आपल्या मृगकथांत माणूस नेहमी समोर असतो आणि त्याला विचारता येते.

तर मग कोणती रीत श्रेष्ठ? देशाभिमानाने उत्तर देणे सोपे आहे, पण ते टाळले पाहिजे. अभयदानाने संपणाऱ्या कथेत एक धोका असतोच : श्रोता राजाबरोबर उदार होऊन घरी जातो. ‘बॅम्बी’तल्या आईला कोणी जीवदान देत नाही, तिच्यासाठी कोणी मान पुढे करीत नाही, कोणाला उपरती होत नाही, दुसऱ्या दिवशी वसंत येतो आणि पक्षी गाऊ लागतात. पुराणकथेने कधीच परवडू दिली नसती अशी ही निष्ठुरता आहे, आणि लहान मुलाला मृत्यू जसा प्रत्यक्ष भेटतो तशीच ती आहे. या एका जागी डिस्ने जातकापेक्षा खरा आहे. हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे अप्रामाणिक ठरेल.

मराठीत या निष्ठुरतेच्या जवळ जाणारे पुस्तक एकच आठवते : व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ (१९८२). वानरांच्या टोळ्यांची ही कथा. नवा नर सत्तेवर आला की पिल्ले मारली जातात, आणि कोणी दैवत विमान घेऊन येत नाही. माडगूळकरही झाल्टेनप्रमाणे एके काळी शिकारीचा नाद असलेले. बंदूक घेऊन रानात बसलेल्या माणसाला प्राण्याकडे तासन् तास पाहण्याची जी सवय लागते ती दोघांच्याही लेखणीत उतरली आहे. तिथेही माणूस जवळजवळ नाहीच. पण ‘बॅम्बी’तल्यासारखा तो दडवलेला नाही. वानरांच्या राजकारणात त्याला स्थान नाही म्हणून तो नाही, आणि वाचकाला मात्र पानोपानी स्वतःचीच जात दिसत राहते.

आता पुन्हा गिंडी. येथे या कथा पुस्तकात राहत नाहीत. गिंडीचे रान ब्रिटिश काळी एका खाजगी मालकाचे होते. १८२१ साली सरकारने ते पस्तीस हजार रुपयांस विकत घेतले आणि ते गव्हर्नरच्या निवासाभोवतीचे राखीव रान झाले. पांढरी काळविटे भावनगरच्या महाराजांनी, ते स्वातंत्र्यानंतर मद्रासचे राज्यपाल असताना, येथे आणून सोडली असे सांगतात. चितळेही बाहेरून आणलेली मानली जातात. म्हणजे राजाने आपल्या बागेत हरणे कोंडावीत हे बनारसचे चित्र येथे अक्षरशः उभे राहिले. १९५८ साली, ‘द बॅन्यन डिअर’च्या दुसऱ्याच वर्षी, येथे मृग-अभयारण्य झाले, आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. दरम्यान तंत्रज्ञान संस्था, स्मारके, रुग्णालय यांच्यासाठी मूळच्या सुमारे पाचशे हेक्टरांचे तुकडे पडत गेले. ‘अभय’ हा जातकातलाही शब्द आहे हे ‘अभयारण्य’ म्हणताना आपल्या ध्यानातही येत नाही.

या वनात वाघ-बिबटे नाहीत. असलेच तर थोडे कोल्हे, पाडसांवर टपणारे. तेव्हा ते बरेचसे डिस्नेचे रान आहे. तेथे माणूस बंदूक घेऊन येत नाही. तो खाऊ घेऊन येतो. कुंपणापाशी, आवारांतून, रस्त्याकडेला चितळांना बिस्किटे आणि उरलेसुरले अन्न मिळते, आणि मेलेल्या हरणांच्या पोटातून प्लास्टिक निघाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत. खाऊ घालणारा हा माणूस क्रूर नाही. तो बॅम्बीवर प्रेम करणारा आहे. चित्रपटाने त्याला एवढेच शिकवले की रानातला भयंकर माणूस दुसराच कोणी असतो. गोबोचे प्रकरण ज्या दिवशी कात्रीखाली गेले त्या दिवशी हा प्रेमळ माणूस पडद्यावरून नाहीसा झाला. आणि काळवीट, ज्याला उघडे माळरान लागते, ज्याच्या पाडसाला ठिपके नसतात, ते त्या प्रेमाच्या कक्षेबाहेर राहून या आक्रसत्या गवताळ तुकड्यावर कसेबसे तग धरून आहे.

विद्यापीठांतून ‘भारतीय साहित्यातील प्राणी’ असे जे पाठ्यक्रम अलीकडे आखले जातात त्यांत जातक असते, पंचतंत्र असते, किपलिंग हमखास असतो. त्यांत झाल्टेनची कादंबरी, तिचा चित्रपट आणि फिल्म्स डिव्हिजनचा तो लघुपट एकत्र ठेवावेत. फिल्म्स डिव्हिजनचा वारसा २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे; त्याकडे केवळ इतिहासाची नोंद म्हणून न पाहता पाठ्यसामग्री म्हणून पाहिले पाहिजे. आणि जातक वाचायचे ते संपूर्ण वाचावे. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’चे सात खंड मराठीत असताना त्याला सबब उरत नाही. बालवाचनासाठी केलेल्या संक्षेपांत न्यग्रोधमृगाची कथा बहुधा राजाच्या अभयदानापाशी थांबते. मूळ कथा तेथे थांबत नाही. अभय मिळाल्यावर हरणे शेतांत शिरून पिके खाऊ लागतात. दिलेल्या वचनामुळे लोकांना त्यांना हाकलताही येत नाही. ते राजाकडे गाऱ्हाणे घेऊन जातात. राजा म्हणतो, राज्य गेले तरी चालेल, वचन मोडणार नाही. ही वार्ता न्यग्रोधमृगाच्या कानी जाते. तो कळप गोळा करतो, आजपासून दुसऱ्याच्या पिकाला तोंड लावायचे नाही अशी ताकीद देतो, आणि शेतकऱ्यांना निरोप पाठवतो की कुंपणे घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून नुसती पाने बांधा.